नाव एक, माणसे दोन

लग्नघरी पत्रिकांची यादी करण्याचे काम बहुधा वडीलधाऱ्या माणसाकडे असते. एक यादी आजोबांच्या जुन्या वहीतली, दुसरी मुलाच्या कचेरीतल्या मंडळींची, तिसरी आजोळकडून आलेली. तिन्ही एकत्र केल्या की काही नावे दोनदा येतात आणि मग खोडाखोड सुरू होते. या खोडाखोडीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. एखाद्या घरी दोन पत्रिका गेल्या, तर ती मंडळी हसून सोडून देतात. परंतु दुबार समजून खोडलेले नाव वस्तुतः दुसऱ्याच कुणाचे असले आणि त्या घरी पत्रिकाच पोहोचली नाही, तर ती गोष्ट दोन पिढ्या विसरली जात नाही.

संगणकात साठविलेल्या कोष्टकातील दुबार नोंदी शोधून काढून टाकणे हे काम तत्त्वतः याहून निराळे नाही. फरक इतकाच की तेथे यादी तीनशे नावांची नसून तीन लाखांची असते. खोडणारा हात घरच्या जाणत्या माणसाचा नसून यंत्राला दिलेल्या एका आज्ञेचा असतो. आणि खोडलेले नाव लग्नपत्रिकेस नव्हे, तर शिधापत्रिकेस, निवृत्तिवेतनास किंवा मतदानाच्या हक्कास मुकते. म्हणून हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा म्हणून सोडून देता येत नाही. ज्याचे नाव कोठल्या ना कोठल्या यादीत आहे, अशा प्रत्येकाचा तो आहे.

कोष्टकाचे शास्त्र

आज बँक, विमा, वाचनालय, रुग्णालय, मतदारयादी यांची दप्तरे बहुतांशी ज्या पद्धतीने ठेवली जातात, तिला ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणतात. तिचा पाया एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने घातला. अमेरिकेत सॅन होझे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना त्याने जून १९७० मध्ये या विषयावरील आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. पुढे १९८१ मध्ये त्यास संगणकशास्त्रातील सर्वोच्च असे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्याची कल्पना वरवर पाहता अगदी साधी होती. सर्व माहिती उभ्या रकान्यांच्या आणि आडव्या ओळींच्या कोष्टकात ठेवावी. एका ओळीत एकाच वस्तूची वा व्यक्तीची माहिती असावी. आणि प्रत्येक ओळ इतरांपासून निःसंशय ओळखता येईल अशी एक खूण तीत असावी. या खुणेस ‘प्रायमरी की’ म्हणतात. कॉडच्या दृष्टीने कोष्टक म्हणजे गणितातला संच होय. संचात एकच घटक दोनदा असूच शकत नाही. अर्थात शास्त्राप्रमाणे दुबार नोंद हा प्रकारच संभवत नाही.

व्यवहारात मात्र तो पदोपदी आढळतो. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा कोष्टकांशी बोलण्यासाठी जी भाषा रचली, तिचेच पुढे ‘एसक्यूएल’ झाले. या भाषेने गणिताचा सोवळेपणा थोडा सैल केला. कोष्टकाला खूण नेमून दिली नसेल, तर तीच ओळ दोनदा, दहादा साठविण्यास ती हरकत घेत नाही.

त्याहून फसवी गोष्ट निराळीच आहे. बहुतेक ठिकाणी प्रत्येक ओळीला एक अनुक्रमांक देतात आणि खुणेचे काम भागले असे समजतात. समजा, एका वाचनालयात एकच गृहस्थ १०४२ व्या आणि ३३१७ व्या अशा दोन ओळींत नोंदले गेले आहेत. क्रमांक भिन्न, सबब यंत्राच्या लेखी सभासद दोन. जगात मात्र माणूस एक. अनुक्रमांक ओळींमधला भेद सांगतो, माणसांमधला नव्हे. दुबार नोंदींचा सारा घोळ या एका वाक्यात सामावलेला आहे.

शोध कसा घ्यावा?

याच कल्पित वाचनालयाचे उदाहरण पुढे चालवू. सभासद दहा हजार. रकाने असे: क्रमांक, आडनाव, नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, जन्मतारीख, पत्ता. यंत्राला आज्ञा द्यायची ती अशी: नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि पत्ता हे चारही ज्यांचे सारखे, त्यांचे गट पाड, आणि ज्या गटात एकाहून अधिक ओळी असतील तेवढेच दाखव. एसक्यूएल भाषेत पहिल्या भागास ‘ग्रुप बाय’ आणि दुसऱ्यास ‘हॅविंग काउंट’ म्हणतात. दहा हजार ओळी चाळण्यास यंत्राला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ पुरतो.

परंतु ‘सारखे’ म्हणजे काय, हे यंत्र आपल्याहून फार कठोरपणे ठरविते. नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागा, आद्याक्षरापुढचा पूर्णविराम, मागे लावलेले ‘श्री.’ किंवा ‘डॉ.’ एवढ्यानेही त्याच्या लेखी नाव बदलते. म्हणून तुलनेपूर्वी नावे एका छापाची करून घ्यावी लागतात. रिकाम्या रकान्याचे तर तर्कशास्त्रच वेगळे. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, तर ‘ठाऊक नाही’. दोन अज्ञात जन्मतारखांची बरोबरी तपासली, तर यंत्र त्या समान आहेत असे म्हणत नाही. पण गट पाडावयास सांगितले, तर तेच यंत्र सर्व अज्ञातांना एका गटात बसविते. हा भेद न जाणता जो खोडाखोड करील, त्याच्या हातून अनर्थ होण्यास वेळ लागणार नाही.

आपल्या लिपीने यात आणखी भर घातली आहे. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ‘ऱ’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो: एक, त्यासाठी राखलेल्या स्वतंत्र वर्णापासून, दुसरी, साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाडे’ तंतोतंत एकसारखे दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय ‘दीक्षित’ आणि ‘दिक्षित’, जुन्या वळणाचा ‘रवि’ आणि नव्या वळणाचा ‘रवी’ आहेतच.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळींची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी दप्तरात ‘ळ’ टिकत नाही, तेव्हा घरचे ‘काळे’ कचेरीत ‘काले’ होतात. ग्वाल्हेरच्या राजघराण्याचे ‘शिंदे’ हे आडनाव ‘सिंधिया’ झालेले सर्वांस ठाऊक आहे. बडोद्याच्या ‘गायकवाड’ घराण्याचे नाव इंग्रजीत किमान तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. बेळगावचा माणूस एका दप्तरात कन्नड लिपीत असतो, दुसऱ्यात मराठीत, तिसऱ्यात रोमनमध्ये. उलट रोमन लिपीत ‘एम-ए-टी-ई’ ही चार अक्षरे पाहून तो गृहस्थ माटे की मते, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. एका माणसाची दोन नावे होतात, तशी दोन माणसांची एक नावही होते.

ध्वनिसाम्यावरून नावे जुळविण्याची युक्ती जुनी आहे. रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थाने १९१८ साली तिचे एकस्व मिळविले; पुढे ती ‘साउंडेक्स’ या नावाने रूढ झाली. पहिले अक्षर ठेवावे, स्वर गाळावेत, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यावा, असा तिचा नियम. अमेरिकेच्या जनगणनेच्या कागदांची सूची करण्यास ती उपयोगी पडली. पण ती इंग्रजी कानासाठी घडविलेली. या पद्धतीने रोमन लिपीतील ‘काळे’, ‘केली’ आणि ‘कोहली’ या तिन्ही आडनावांना एकच संकेत मिळतो! अशी साधने संशयित दाखविण्यापुरती ठीक. निकाल त्यांच्या हाती देता येत नाही.

शिवाय सैल तुलना करावयाची तर प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडून पाहावे लागते. दहा हजार नावांच्या जोड्या होतात ४ कोटी ९९ लाख ९५ हजार. म्हणून आडनावाचे पहिले अक्षर किंवा पेठ यांवरून आधी वाटे पाडतात आणि एका वाट्यातल्या नावांचीच तुलना करतात. वेळ वाचतो, पण एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन वाट्यांत पडल्या, तर त्या कधीच समोरासमोर येत नाहीत.

आजोबा आणि नातू

येथवरचा प्रश्न एकाच माणसाच्या निसटणाऱ्या दोन नोंदींचा होता. खरा धोका याच्या उलट दिशेस आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्या अनेक घरांत आहे. समजा, आजोबांचे नाव विष्णु आणि त्यांच्या वडिलांचे गणेश. आजोबांनी मुलाचे नाव गणेश ठेवले. गणेशने आपल्या मुलाचे विष्णु. आता आजोबाही ‘विष्णु गणेश’ आणि नातूही ‘विष्णु गणेश’. आडनाव तेच, घर तेच, पत्ता तोच. घरात गोंधळ होत नाही, कारण सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही म्हणून सुनेने मुलाला केव्हाच बाळ किंवा नाना करून टाकलेले असते. पण कोष्टकात टोपणनावाचा रकाना नसतो. चारही रकाने जुळतात. जुन्या सभासदांच्या जन्मतारखा नोंदविलेल्याच नसल्यामुळे आजोबांचा तो रकाना रिकामा. यंत्र निःशंकपणे सांगते: दुबार नोंद.

आणि स्त्रियांची गोष्ट याच्या नेमकी उलट. माहेरी कुसुम असलेली मुलगी सासरी वैशाली होते. नाव बदलले, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे आले, आडनाव बदलले, पत्ता बदलला. ती मुलगी लग्नापूर्वीही सभासद होती आणि नंतरही झाली, तर तिच्या दोन नोंदींत जन्मतारखेखेरीज काहीच जुळत नाही. म्हणजे जेथे सारे जुळते तेथे माणसे दोन, आणि जेथे काहीच जुळत नाही तेथे माणूस एक.

मग जन्मतारखेवर भिस्त ठेवावी काय? महाराष्ट्रात आणि बेळगावकडे जुन्या पिढीतील कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की मास्तर शाळा उघडण्याच्या सुमाराची ती तारीख लिहून मोकळे होत. तारखा खऱ्या असल्या तरी योगायोग आपण समजतो त्याहून फार अधिक घडतात. पन्नास वर्षांच्या काळात विखरून जन्मलेली, एकाच पूर्ण नावाची दोनशे माणसे घेतली, तर त्यांच्या १९,९०० जोड्या होतात. पन्नास वर्षांचे दिवस सुमारे १८,२६०. म्हणजे दिवस, महिना आणि वर्ष तिन्ही जुळणारी एक जोडी त्यांत सरासरीने सापडायचीच. मोठ्या राज्याच्या यादीत प्रचलित नावाची दोनशे माणसे असणे मुळीच दुर्मीळ नाही.

तिसरा ढीग

या अडचणीचा गणिती विचार प्रथम कॅनडात झाला. हॉवर्ड न्यूकम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाह आणि जन्म यांच्या नोंदी संगणकाने एकमेकींशी जोडून दाखविल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर या कॅनडातीलच दोघा संख्याशास्त्रज्ञांनी त्या कामाला सिद्धान्ताचे रूप दिले. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक जुळणीला सारखे वजन देऊ नये. ‘जोशी’ हे आडनाव जुळले तर त्यात विशेष काही नाही. दहा हजारांत दोघांचेच असलेले आडनाव जुळले, तर तो मोठा पुरावा. अशा वजनांची बेरीज करून जोड्यांचे तीन ढीग करावेत: निश्चित एक, निश्चित भिन्न, आणि संशयित. हा तिसरा ढीग यंत्राने निकालात काढावयाचा नाही. तो माणसाच्या डोळ्यांखालून गेला पाहिजे.

या तिसऱ्या ढिगाचा कंटाळा केला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. कॅन्सस राज्याच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रॉसचेक’ या उपक्रमात निरनिराळ्या राज्यांच्या मतदारयाद्या नाव, आडनाव आणि जन्मतारीख यांवरून ताडून पाहिल्या जात. त्याचा अभ्यास करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असा निष्कर्ष निघाला, की सुचविलेल्या एका रीतीने नावे काढली असती, तर दुबार मतदानासाठी वापरल्या गेलेल्या प्रत्येक नोंदीमागे वैध मतदानासाठी वापरलेल्या सुमारे तीनशे नोंदी पुसल्या गेल्या असत्या. हा उपक्रम २०१९ मध्येच स्थगित करण्यात आला होता.

आपल्याकडेही २०१५ मध्ये मतदारयाद्या शुद्ध करून दुबार नावे काढण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली होती. आधार क्रमांक जोडण्यावरून सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश आल्यानंतर ती त्याच वर्षी थांबली. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये तेलंगणात विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा हैदराबादेसह अनेक ठिकाणी मतदारांना आपली नावे यादीत सापडली नाहीत आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. नावे नेमकी कशामुळे गेली यावर वाद झाला. पण मतदानाच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माणसाला त्या वादाचा उपयोग नव्हता.

कायदा करणाऱ्यांना मात्र हा धोका फार पूर्वी दिसला होता. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १७ वे आणि १८ वे कलम एका माणसाचे नाव दोनदा नोंदविण्यास मनाई करते. पण त्याच कायद्याचे २२ वे कलम सांगते, की एखादा मतदार स्थलांतरित आहे किंवा यादीत राहण्यास पात्र नाही असे म्हणून त्याचे नाव काढण्यापूर्वी त्यास आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. हे कलम संगणकाच्या कोष्टकालाही जसेच्या तसे लागू पडते.

नाव आणि तारीख यांऐवजी शरीराच्या खुणाच का घेऊ नयेत, असे कोणी विचारील. आधारची योजना याच विचाराने झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले क्रमांक देण्यात आले. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची छायाचित्रे आधीच्या सर्वांशी ताडून मगच क्रमांक दिला जातो. देशव्यापी योजनांना त्याचा उपयोग आहे. परंतु आजोबांच्या क्रमांकापुढे नातवाचे नाव चिकटविणारा हात माणसाचाच असतो, आणि ती चूक ठशांनी टळत नाही.

काढण्याची रीत

तेव्हा आपल्या वाचनालयाच्या चिटणिसांनी, किंवा एखाद्या पतपेढीच्या वा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हे काम कसे करावे? प्रथम संपूर्ण कोष्टकाची प्रत वेगळी काढून ठेवावी. संशयित जोड्या मूळ कोष्टकातून न पुसता दुसऱ्या कोष्टकात उतरवाव्यात. मग त्या जोड्यांची चौकशी करावी: जुने अर्ज काढून सह्या ताडाव्यात, आणि शक्य तेथे सरळ त्या घरी विचारावे. दहा हजारांच्या यादीत संशयित जोड्या दोनशे निघाल्या, तर चार कार्यकर्त्यांनी दोन रविवार दिल्यास त्या सहज उलगडतात.

एकच माणूस असे सिद्ध झाल्यावरही एक ओळ नुसती पुसू नये. दोन्ही ओळींचे विलीनीकरण करावे. कोणती ओळ ठेवायची ते ठरवून, तीत जे रिकामे आहे ते दुसरीतून भरावे. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत विसरली जाणारी. सभासदाच्या क्रमांकावर इतर कोष्टकांतील नोंदी टांगलेल्या असतात: नेलेली पुस्तके, भरलेली वर्गणी, ठेवलेली अनामत. त्या आधी राखलेल्या क्रमांकावर वळवून घ्याव्यात. काही कोष्टकांना असा नियम घालून दिलेला असतो, की मूळ ओळ गेली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व ओळी आपोआप जाव्यात. तेथे घाईने एक सभासद पुसला, तर त्याची वीस वर्षांची वर्गणी त्याच्याबरोबर निमूटपणे नाहीशी होते.

हे सारे ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणून करावे, म्हणजे सर्व पायऱ्या एका गाठोड्यात बांधून. किती ओळी बदलल्या ते मोजावे. अपेक्षित आकडा जुळला तर ‘कमिट’ म्हणून शिक्कामोर्तब करावे, न जुळला तर ‘रोलबॅक’ म्हणून पूर्वस्थितीस यावे. आणि काढलेल्या क्रमांकाची ‘हा क्रमांक अमुक क्रमांकात विलीन’ अशी नोंद कायम ठेवावी. जुने ओळखपत्र घेऊन कोणी आला, तर त्यास ‘आपले नाव नाही’ असे उत्तर मिळू नये.

राहता राहिला प्रतिबंध. एकदा सफाई झाली की नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि पत्ता यांची जुळणी पुन्हा होऊच नये, असा कडक नियम कोष्टकाला लावण्याचा मोह होतो. संगणकात अशा नियमाची सोयही आहे. पण तो लावला, की आमचा नातू विष्णु वर्गणी हातात घेऊन आला असता यंत्र त्याला दारातूनच परत पाठवील. त्याऐवजी नवे नाव लिहिताना मिळतीजुळती जुनी नावे लिहिणाऱ्यासमोर यावीत आणि ‘आपण आधी सभासद होता काय? घरात याच नावाचे कोणी आहे काय?’ एवढे दोन प्रश्न त्याने तोंडाने विचारावेत. स्त्रियांच्या बाबतीत पूर्वीच्या नावाचा एक ऐच्छिक रकाना ठेवावा.

यादी स्वच्छ असावी, याविषयी दुमत नाही. दुबार नोंदींमुळे पैसा वाया जातो, हिशेब चुकतो, आणि लबाडीला वाव मिळतो. परंतु दुबार राहिलेले नाव उद्याही काढता येते. चुकून काढलेल्या माणसाला मात्र आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी खेटे घालावे लागतात, आणि बहुधा ते घालण्याचे बळ ज्याच्यात सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला ते येतात. यास्तव कोष्टक सांभाळणाऱ्याने शोधण्यात यंत्राची चपळाई वापरावी, आणि खोडण्यात वडीलधाऱ्या माणसाचा सबुरीचा हात.